परदेशची सहल : काय पाहावें, काय सोडावें

जुन्या काळीं काशीयात्रेला निघणारा मनुष्य वर्षभर आधीं तयारीला लागे. पंचांग पाहून दिवस ठरे, सोबत जुळवली जाई, वाटेंतील मुक्कामांची चौकशी होई, आणि कोणत्या घाटावर कोणता विधि करावयाचा हें घरून निघण्यापूर्वींच ठाऊक असे. त्या यात्रेंत हाल पुष्कळ होते. परंतु यात्रेकरू घरीं परतला म्हणजे काय पाहिलें आणि कशासाठीं पाहिलें हें त्याला सांगतां येई. आज मुंबईहून विमानांत बसलेला मनुष्य नऊदहा तासांत लंडनला उतरतो. वाटेचे हाल संपले आणि त्यांबरोबर घरची तयारीहि संपली. दहा दिवसांत पांच राजधान्या पाहून आलेल्या गृहस्थाला चार महिन्यांनीं विचारावें, तर कोणता पूल कोणत्या शहरांत होता हें छायाचित्र समोर धरल्याशिवाय त्याला आठवत नाहीं.

हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे आणि त्या शहरांचाहि नव्हे. दोष बेताचा आहे. परक्या महानगराच्या सहलीचा बेत म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची यादी, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. वास्तविक यादी करण्यानें बेताला नुसता आरंभ होतो. त्या यादींतून गाळणें हें त्याचें मुख्य काम. काय पाहावें हें कोणतेंहि पुस्तक सांगेल. काय सोडावें हें मात्र ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें, आणि तें घरीं बसून ठरविलें नाहीं तर परक्या शहरांतील गर्दी, बंद दरवाजे आणि थकलेले पाय तें ठरवितात.

दुसऱ्यानें केलेल्या यादीवर विसंबण्याची संवय जुनी आहे. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकानें युरोप खंडांतील प्रवाशांसाठीं आपलें पहिलें हस्तपुस्तक १८३६ सालीं काढलें. जर्मनींतील कार्ल बेडेकर याच्या मार्गदर्शक पुस्तकांत विशेष महत्त्वाच्या स्थळांच्या नांवापुढें तारा छापलेला असे. १८४१ सालीं टॉमस कुक यानें लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें माणसें मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं आगगाडीनें नेलीं, आणि प्रवासाची सर्व व्यवस्था दुसऱ्यानें करावयाची ही रीत पुढें जगभर पसरली. या सोयींनीं सामान्य माणसाला प्रवास सुलभ केला, हा त्यांचा मोठा उपकार आहे. परंतु तारा कोणत्या स्थळापुढें छापावा हें ज्यानें ठरविलें, त्याला आपल्या घरांतील माणसें ठाऊक नव्हतीं.

म्हणून एक घर डोळ्यांपुढें आणून या प्रश्नाचा विचार करावा. पुण्यांतील एक मध्यमवर्गीय कुटुंब आहे असें समजूं. गृहस्थ नुकतेच नोकरींतून निवृत्त झालेले; पत्नीला चित्रकलेची आवड; मुलगी महाविद्यालयांत विज्ञान शिकणारी; आणि गृहस्थांच्या मातोश्री, वय वर्षें शहात्तर. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून कांहीं भाग बाजूला काढून बारा दिवस युरोपांत जावें असें ठरतें. ही रक्कम पुन्हां उभी राहणार नाहीं, आणि आजीबाईंचे गुडघे दोन वर्षांनीं एवढे चालतील याची शाश्वति नाहीं. तेव्हां हा बेत एकदांच करावयाचा आहे.

पहिल्या संध्याकाळीं प्रत्येकानें आपली एकच इच्छा कागदावर लिहावी. गृहस्थ लिहितात रोम; शाळेंत असल्यापासून तेथील फोरम त्यांच्या मनांत आहे. पत्नी पॅरिसमधील चित्रें लिहिते. मुलगी ग्रिनिच लिहिते, कारण पृथ्वीच्या रेखांशांची मोजणी जेथून होते ती रेषा तिला पाहावयाची आहे. आजीबाई सांगतात, लोकमान्य विलायतेंत ज्या घरीं राहिले तें घर पाहावयाचें. चार माणसें, चार इच्छा आणि तीन शहरें. आतां गणित मांडावें.

बारा दिवसांतील पहिला दिवस जाण्यांत आणि शेवटचा परतण्यांत संपतो. राहिले दहा. एका शहरांतून दुसऱ्यांत जाणें म्हणजे सामान बांधणें, मुक्काम सोडणें, प्रवास, नवा मुक्काम शोधणें. त्यांत निदान अर्धा दिवस जातो आणि विमानानें गेल्यास बहुधा त्याहूनहि अधिक. तीन शहरें धरलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास जेमतेम तीन दिवस येतात. रोमला तीन दिवस पुरतात काय? कलोसियम, फोरम आणि पॅलटाइन टेकडी मिळून एक पूर्ण दिवस हवा. व्हॅटिकन हें १९२९ पासून स्वतंत्र राज्य. तेथील संग्रहालयें आणि मायकेल अँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत रंगविलेलें सिस्टाइन देवघराचें छत यांना दुसरा दिवस. बोर्गेझे संग्रहांत दोन तासांच्या ठराविक वेळेसाठींच आणि आधीं जागा राखूनच जातां येतें. याशिवाय सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचें पँथिऑन, ज्याच्या घुमटाचा व्यास त्रेचाळीस मीटरांहून अधिक आहे. शिवाय हें शहर उंचसखल, दगडी फरसबंदीच्या रस्त्यांचें. आजीबाईंना घेऊन हें सगळें तीन दिवसांत करावयाचें म्हणजे त्यांना एक तर फरफटत न्यावें किंवा खोलींत बसवून ठेवावें.

म्हणजे एक शहर सोडलें पाहिजे. येथेंच बेताची खरी परीक्षा आहे, कारण तिन्ही शहरें ठेवण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तीन शहरें पाहिलीं असें सांगण्यांत थोडा अभिमानहि असतो. पॅरिस आणि रोम घ्यावें असा एक पक्ष आहे, आणि त्याच्या बाजूनें चांगलें कारण आहे. फ्रान्स आणि इटली हे दोन्ही देश शेंगेन करारांतील असल्यामुळें भारतीयाला दोहोंसाठीं एकच व्हिसा पुरतो. ब्रिटन त्या करारांत नाहीं. लंडनसाठीं वेगळा अर्ज आणि वेगळें शुल्क. दुसरा पक्ष लंडन आणि पॅरिसचा. तेथें व्हिसे दोन लागले, तरी घरांतील चारांपैकीं तीन इच्छा पुऱ्या होतात आणि दोन शहरांमधील प्रवास सोपा आहे. १९९४ सालीं खुल्या झालेल्या, सुमारें पन्नास किलोमीटर लांबीच्या समुद्राखालील बोगद्यांतून आगगाडी सव्वादोन ते अडीच तासांत लंडनच्या मध्यभागांतून पॅरिसच्या मध्यभागीं पोंचते. दोन्ही देशांची पासपोर्टतपासणी गाडींत बसण्यापूर्वींच होते, म्हणून स्थानकावर लौकर गेलें पाहिजे एवढेंच.

या कुटुंबानें दुसरा पक्ष घ्यावा हें उघड आहे. गृहस्थांची इच्छा मागें पडते. ती मागें पडली हें घरांत मोकळेपणीं बोललें जावें. तीन शहरें कशींबशीं कोंबून कोणाचेंच समाधान न होण्यापेक्षां एकानें समजून उमजून सोडलेलें बरें. मोबदल्यांत पुढील बेतांत त्यांचा शब्द अधिक मानावा.

शहरें ठरलीं म्हणजे कागदपत्रांकडे वळावें. शेंगेन व्हिशाचा अर्ज प्रवासापूर्वीं फार तर सहा महिने आणि सामान्यतः निदान पंधरा दिवस आधीं करतां येतो. एकाहून अधिक देशांत जावयाचें असल्यास ज्या देशांत मुक्काम अधिक त्याच्याकडे अर्ज करावयाचा असतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आंत दिलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरीं पानें असलेला हवा. निदान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमाहि लागतो. व्हिसा हातीं येईपर्यंत ज्याचे पैसे परत मिळत नाहींत असें तिकीट किंवा मुक्काम घेऊं नये. विमानाचें तिकीट लंडनला उतरून पॅरिसहून परतण्याचें काढावें. पुन्हां लंडनला येण्याचा एक दिवस आणि खर्च दोन्ही वांचतात. दुधाचे पदार्थ आपल्या देशांतून तेथें नेण्यास बंदी आहे. तेव्हां पेढे आणि तूप घरींच ठेवावें.

ऋतूचा प्रश्न आपल्याकडील सुट्यांनींच बराचसा सोडविलेला असतो. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्यें लंडनला सूर्य पहांटे पांचच्या सुमारास उगवतो आणि रात्रीं नऊनंतर मावळतो. डिसेंबरांत तोच दिवस आठ तासांहूनहि आंखूड होतो. आजीबाईंना दुपारीं दोन तास निजूं देऊन पुन्हां संध्याकाळीं बाहेर काढावयाचें, तर हा उन्हाळ्यांतील लांब उजेड फार मोलाचा आहे. छत्री मात्र बारमास.

आतां बेतांतील अगदीं साधी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट : आठवड्याचे वार. पॅरिसचें लूव्र मंगळवारीं बंद असतें. ऑर्सेचें संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारीं बंद. रोमचा बेत करणारानें ध्यानांत ठेवावें कीं व्हॅटिकनचीं संग्रहालयें महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारीं बंद असतात आणि बोर्गेझे संग्रह सोमवारीं. लंडनचें वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी रविवारीं केवळ उपासनेसाठीं उघडें. प्रेक्षकांना त्या दिवशीं प्रवेश नाहीं. एखादा मनुष्य सोमवारीं पॅरिसला पोंचून बुधवारीं सकाळीं निघाला, तर या तीन मोठ्या स्थळांचा मेळ त्याला मोठ्या कौशल्यानेंच घालावा लागेल. एक दिवस पुढें किंवा मागें निघाल्यानें ही अडचण टळते, आणि तो दिवस बदलण्यास घरीं बसून कांहीं खर्च येत नाहीं.

वाराप्रमाणें सालहि पाहावें लागतें. नोत्र दाम हें पॅरिसचें प्राचीन मंदिर १५ एप्रिल २०१९ च्या आगींत होरपळलें आणि साडेपांच वर्षांच्या दुरुस्तीनंतर डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां उघडलें. पाँपिदू केंद्र दुरुस्तीसाठीं सप्टेंबर २०२५ मध्यें बंद झालें असून तें २०३० मध्यें उघडावयाचें आहे. रोमच्या पँथिऑनमध्यें जाण्यास पूर्वीं प्रेक्षकाला कांहीं द्यावें लागत नसे; जुलै २०२३ पासून तेथें शुल्क आहे. कपाटांतलें दहा वर्षांपूर्वींचें पुस्तक इतिहासासाठीं जरूर वाचावें. वेळा, वार आणि दर यांसाठीं मात्र त्या त्या संस्थेनें स्वतः प्रसिद्ध केलेली ताजी माहितीच प्रमाण मानावी.

वारांनंतर नकाशा. एका दिवशीं शहराचा एकच भाग घ्यावा. लंडनमध्यें साउथ केन्सिंग्टन भागांत तीन मोठीं संग्रहालयें एकमेकांना लागून आहेत. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, पार्लमेंट आणि ट्रॅफल्गार चौकांतील नॅशनल गॅलरी हा दुसरा गट. टॉवरचा किल्ला आणि तेथून नावेनें ग्रिनिच हा तिसरा. ब्लूम्सबरींतील ब्रिटिश म्यूझियम चौथा. पॅरिसचे वीस विभाग मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें बाहेर फिरत जातात. हें एकदां समजलें म्हणजे पत्त्यांतील विभागाचा आंकडा पाहून जागा मध्यापासून किती दूर असेल याचा अंदाज येतो. मुक्कामहि याच हिशेबानें निवडावा. दूरच्या उपनगरांतील स्वस्त खोली रोज दोन वेळां तासतासभराचा प्रवास करावयास लावते. नऊ दिवसांत हे अठरा तास होतात, म्हणजे सहलीचे दोन पूर्ण दिवस.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे बेत जवळजवळ आपोआप उभा राहतो. शनिवारीं लंडनला उतरावें. उन्हाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या मागें साडेचार तास असतें, म्हणून त्या रात्रीं सर्वांना लौकर झोंप येईल आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेसच जाग येईल. त्या जागेचा उपयोग करावा : रविवारीं सकाळीं थेम्सच्या कांठीं, रस्ते मोकळे असतां, तासभर फिरावें. अ‍ॅबी त्या दिवशीं बंद, म्हणून नंतर साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत जावें. तेथें टिपू सुलतानाचा प्रसिद्ध लाकडी वाघ आहे. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हातीं लागला. सोमवारीं टॉवर आणि ग्रिनिच. मंगळवारीं अ‍ॅबी आणि नॅशनल गॅलरी. बुधवारीं ब्रिटिश म्यूझियम आणि दुपारभर विश्रांति. गुरुवार आजीबाईंचा, त्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. शुक्रवारीं सकाळच्या गाडीनें पॅरिस. त्याच संध्याकाळीं सेन नदीतील बेटावर नोत्र दाम पाहावें. शनिवारीं सकाळीं त्याच बेटावर, ऊन असतां, तेराव्या शतकांतील सेंत शापेल देवघराच्या पंधरा उंच रंगीत कांचखिडक्या, आणि दुपारीं ऑर्से. रविवारीं लक्झेंबुर्ग बाग आणि आयफेल मनोरा. सोमवारीं लूव्र. मंगळवारीं व्हर्साय, लूव्र त्या दिवशीं बंद असल्यामुळें तिकडे गर्दी लोटते, म्हणून सकाळींच निघावें. बुधवारीं परतीचें विमान.

हा बेत वाचून कोणी म्हणेल कीं ब्रिटिश म्यूझियमला अर्धाच दिवस? त्याला उत्तर आंकड्यांचें आहे. लूव्रमध्यें सुमारें पस्तीस हजार वस्तु मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढें अर्धा मिनिट उभें राहिलें तर जवळजवळ दोनशें ब्याण्णव तास लागतील. रोज आठ तास धरून छत्तीस दिवसांहून अधिक. ब्रिटिश म्यूझियममध्यें मांडलेल्या वस्तूच सुमारें ऐंशी हजार. सगळें पाहणें हा मुळीं शक्य कोटींतील प्रकारच नव्हे. मग दोन तासांत सहा वस्तु घरूनच ठरवून नीट पाहाव्या. रोझेटा दगड १७९९ मध्यें मिसरांत सांपडला आणि एकच मजकूर तीन लिप्यांत असल्यामुळें मिसरची चित्रलिपि उलगडली, हें आधीं वाचून गेलेली मुलगी त्यापुढें पंधरा मिनिटें उभी राहते. न वाचलेला मनुष्य तेथें काळ्या दगडाचें छायाचित्र घेतो आणि पुढें सरकतो. आंध्रांतील अमरावतीच्या स्तूपाचीं शिल्पें त्याच इमारतींत आहेत. तीं येथें कशीं आलीं हा प्रश्न घेऊन जावें. ज्याच्याजवळ प्रश्न आहे, त्याचें पाहणें फुकट जात नाहीं.

लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील कायम दालनांना प्रवेशमूल्य नाहीं. हें केवळ काटकसरीचें साधन नव्हे. पैसे भरून आंत गेलेला मनुष्य ते वसूल करण्यासाठीं पाय दुखले तरी फिरत राहतो; विनामूल्य असल्यास तासाभरानें बाहेर पडून दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतां येतें. शुक्रवारीं यांपैकीं कांहीं संग्रहालयें रात्रींपर्यंत उघडीं असतात. वांचलेले पैसे टॉवर किंवा अ‍ॅबी यांसारख्या सशुल्क ठिकाणीं लावावे, आणि जेथें वेळ ठरवून तिकीट मिळतें, जसें लूव्र, आयफेल मनोरा, सेंत शापेल, तेथें तें घरूनच काढून ठेवावें. मात्र एका दिवसांत ठराविक वेळेचें तिकीट एकच असावें. दोन असलीं कीं पहिल्या ठिकाणीं सारें लक्ष घड्याळाकडे राहतें.

वृद्ध मनुष्य बरोबर असलें म्हणजे बेत बिघडतो अशी पुष्कळांची समजूत असते. खरें तर बेत शहाणा होतो. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची, जगांतील पहिली. परंतु तिच्या पुष्कळ स्थानकांत पायऱ्या चढल्याउतरल्याखेरीज गत्यंतर नाहीं, आणि पॅरिसच्या भुयारी रेल्वेची बहुतेक स्थानकें तशींच. उलट लंडनच्या बसगाड्या ठेंगण्या पायरीच्या असतात आणि त्यांतून शहर दिसत जातें. आजीबाईंसाठीं बस घेतली म्हणजे इतर तिघांनाहि रस्ते, दुकानें, शाळेंतून घरीं जाणारीं मुलें दिसतात; भुयारांत काळ्या भिंतीखेरीज कांहीं दिसत नाहीं. मोठ्या संग्रहालयांत चाकांची खुर्ची मागितल्यास मिळते. ती मागण्यांत संकोच धरूं नये, आणि आजीबाईंनाहि हें घरींच समजावून सांगावें, कारण परक्या ठिकाणीं दारांत उभें राहून त्यांचें मन वळविणें कठीण. दुपारची विश्रांति वेळापत्रकांत लिहून ठेवावी. लिहिली नाहीं तर ती मिळत नाहीं.

आतां तो गुरुवार. वायव्य लंडनमध्यें मेडा व्हेलजवळ हाउली प्लेस नांवाचा शांत रस्ता आहे. तेथील दहा क्रमांकाच्या घरीं लोकमान्य टिळक १९१८-१९ सालीं राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल याच्यावरील अब्रूनुकसानीच्या दाव्यासाठीं ते तेथें गेले होते. दाव्यांत त्यांना यश आलें नाहीं. घरावर त्यांच्या नांवाची पाटी आहे. घर खासगी असल्यामुळें तें रस्त्यावरूनच पाहावें. तेथून जवळच रीजंट कालव्याचें एक वळण आहे. त्या जागेला लिटल व्हेनिस म्हणतात. १८२० सालीं पुरा झालेला हा कालवा रीजंट पार्क आणि प्राणिसंग्रहालय यांच्या कडेनें कॅम्डनकडे जातो, आणि ऋतुमानाप्रमाणें त्यावर प्रवासी नावाहि चालतात. कॅम्डनपासून थोड्या अंतरावर प्रिमरोझ हिल आणि तिच्या पलीकडे किंग हेन्रीज रोड. तेथील दहा क्रमांकाच्या घरीं १९२१-२२ सालीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं तें घर घेऊन तेथें स्मारक केलें आहे. वेळा आधीं पाहून आंत जातां येतें. आदल्याच दिवशीं पाहिलेल्या ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत बाबासाहेब त्या काळीं दिवसचे दिवस वाचीत बसत, हेंहि त्या घरीं उभें राहिल्यावर आठवावें.

कोणत्याहि पुस्तकांत या दिवसापुढें तारा छापलेला नाहीं. परंतु एका कालव्याच्या दोन टोंकांकडे, अवघ्या दोनतीन वर्षांच्या अंतरानें, महाराष्ट्रांतील दोन थोर पुरुष राहून गेले, आणि नावेंत बसून आजीबाई एका घराकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात, हा योग पुण्याहून आलेल्या कुटुंबाला सांगण्याचें कारण जर्मन किंवा इंग्रज ग्रंथकाराला नव्हतें. प्रत्येक घराला असा एखादा दिवस शोधून काढतां येतो. कोणाचे आजोबा पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लढले असतील. कोणाचा व्यवसाय छपाईचा, कोणाचा वैद्यकाचा. महानगर एवढें मोठें असतें कीं त्यांत आपल्या घराशीं जुळणारा एखादा धागा सांपडतोच. मात्र तो घरूनच शोधावा लागतो.

शेवटची तयारी वाचनाची. निघण्यापूर्वीं आठ आठवडे, दर रविवारीं संध्याकाळीं, एकानें एका स्थळाची माहिती इतरांना सांगावी. मुलीनें ग्रिनिचची वेधशाळा १६७५ सालीं कां स्थापन झाली आणि १८८४ च्या वॉशिंग्टन येथील परिषदेंत तेथील रेखांश मूळ रेखांश म्हणून कां स्वीकारला गेला हें सांगावें. आईनें ऑर्सेचें संग्रहालय मुळांत १९०० सालच्या प्रदर्शनासाठीं बांधलेलें आगगाडीचें स्थानक होतें आणि १९८६ मध्यें तेथें चित्रें आलीं, हें सांगून त्यांतील चार चित्रांचीं नांवें द्यावीं. गृहस्थांनीं दोन्ही शहरांतील संग्रहालयांतून रोमन शिल्पें कोणत्या दालनांत आहेत हें शोधावें. त्यानें फोरमची भूक भागणार नाहीं, आणि भागली असें त्यांनीं म्हणूंहि नये. परंतु त्या दालनांत कुटुंबाचे वाटाडे तेच होतील. अशा आठ संध्याकाळींचा खर्च शून्य, आणि सहल तेथूनच सुरू होते.

बेत पुरा झाला म्हणजे एका कागदावर दोन रकाने आंखावे. एकांत पाहावयाचीं स्थळें, वारांसह. दुसऱ्यांत सोडलेलीं, कारणासह. या कुटुंबाच्या दुसऱ्या रकान्यांत पहिलें नांव रोमचें असेल, आणि त्यापुढें लिहिलेलें असेल : तीन दिवसांत होत नाहीं, आईला झेपत नाहीं. हा कागद बरोबर न्यावा. परक्या शहरीं तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं कोणीतरी म्हणतोच कीं आतां एवढ्या लांब आलोंच आहों तर तेंहि उरकून घेऊं. त्या वेळीं दुसरा रकाना वाचून दाखवावा आणि आजीबाईंना घेऊन बागेंतल्या बांकावर बसावें.